ढगांवर लोळणारी बाळं: तिएपोलो बापलेकांची शाई आणि कोरा कागद

कुंचला:
चित्रकलेवर इथे बोलणं होतं ते बहुतेक मोठमोठ्या तैलचित्रांवर, म्हणून म्हटलं आज हातभर कागदावरच्या शाईबद्दल लिहावं. अठराव्या शतकातलं व्हेनिस, तिथले जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलो (१६९६–१७७०) आणि त्यांचा मुलगा जोव्हान्नी दोमेनिको (१७२७–१८०४). या बापलेकांनी तपकिरी शाईत गुबगुबीत, पंखवाल्या बाळांची चित्रं अक्षरशः ढिगाने काढलीत. ढगावर पालथी पडलेली, एकमेकांचा पाय ओढणारी, कुणी धनुष्य घेऊन पळतंय, कुणी नुसतंच खाली वाकून बघतंय. इटालियन लोक यांना पुत्ती म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने २०१७ पासून हक्कमुक्त चित्रांचे मोठे फोटो फुकट खुले केलेत, त्यात तिएपोलो सर्च केलं की यातली बरीच सापडतात, आणि झूम करून बघायला खरी मजा आहे.

मला सांगायचंय ते हे की या चित्रांत हात न लावलेला कागद आधी बघा. शाई नंतर बघा.

काम कसं व्हायचं ते आधी सांगते. पुष्कळ कागदांवर खाली काळ्या खडूच्या पुसट रेघा असतात, नुसता अंदाज घेण्यापुरत्या. त्यावर बोरूने, म्हणजे इथे हंसाच्या पिसाच्या टाकाने, रेघा. मग तीच शाई पाण्यात पातळ करून ब्रशने वॉश, एक फिका आणि एक गडद, क्वचित तिसरा. पांढरा रंग नाहीच. उजेड हवा असेल तर तेवढा कागद सोडून द्यायचा आणि तो आधीच सोडावा लागतो, कारण वॉश एकदा बसला की पुसता येत नाही.

आता एक पाठमोरं बाळ घेऊ, या कागदांवर एखादं तरी असतंच. डोक्याचे केस म्हणजे चार-पाच वळसे. मानेची वळी म्हणजे एक छोटी आडवी रेघ. डाव्या खांद्यापासून कुल्ल्यापर्यंतची कड रेघेने काढलेली, तीही मधेमधे तुटलेली, आणि उजव्या बाजूला बघाल तर रेघच नाहीये, तिथे मागच्या ढगाच्या सावलीचा वॉश येतो आणि थांबतो, आणि तो जिथे थांबतो तीच बाळाची कड होते. सगळी पाठ कोरा कागद. तरी ती गोल दिसते, मऊ दिसते, तेल लावून उन्हात ठेवलेल्या बाळासारखी चकाकते. इतक्या कमी ऐवजात हे जमवणं म्हणजे आयुष्यभराचा रियाज आहे आणि म्हणून या कागदांना "गोंडस" म्हणून पुढे जाणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोंडसपणासाठी ही काढलेलीही नाहीत. थोरल्या तिएपोलोंचा मुख्य धंदा छतं रंगवण्याचा, चर्चची, महालांची, व्हिलांची. छतावरची माणसं खालून दिसतात, म्हणजे आधी तळपाय दिसतो, मग गुडघा, पोट, हनुवटी, आणि डोळे असलेच तर. त्यांच्या चित्रांच्या ज्या वह्या बांधलेल्या होत्या त्यातल्या एकीचं नावच "सोले फिगुरे पेर सोफित्ती" आहे, छतासाठीच्या सुट्या आकृत्या. ही बाळं त्याच धंद्यातली. पायाखाली जमीन नाही, वर-खाली असं काही नाही, त्यामुळे शरीर कुठल्याही कोनात फिरवून बघता येतं. अशा कित्येक पोझ हातात पक्क्या बसल्या की मग छताच्या ओल्या गिलाव्यासमोर उभं राहून (तो सुकायच्या आत रंगवायचं असतं) विचार करत बसावं लागत नाही.

तुम्हाला काय दिसतं ते लिहा. प्रश्नही विचारा.

नवशिका_नाशिक:
ताई, सुंदर लिहिलंय, लगेच साइटवर जाऊन बघितलं. ती पाठमोऱ्या बाळाची उजवी कड खरंच नाहीये!! मी तर शपथेवर सांगितलं असतं की रेघ आहे. एक बेसिक प्रश्न, ही बाळंच का? म्हणजे देवदूत दाखवायचे तर मोठे दाखवता आले असते ना, आणि काहींना पंख आहेत काहींना नाहीत ते का?

जुना_वाचक:
नवशिका, हे बाळ फार जुनं आहे. ग्रीकांचा एरोस, प्रेमाचा देव, तो पुढे पुढे वयाने लहान होत गेला आणि रोमन काळात तर दगडी शवपेट्यांवर अशा पोरांच्या रांगाच्या रांगा आहेत, द्राक्षं तोडताहेत, हार धरून उभी आहेत. मग मध्ययुगात ती मागे पडली. पुन्हा जोरात आली ती पंधराव्या शतकात, शिल्पकार दोनातेल्लोमुळे. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलसाठी त्याने १४३३ ते १४३८ मध्ये गायकांचा जो सज्जा केला त्यावर नुसती नाचणारी पोरं आहेत, एकमेकांत घुसत, धावत. चित्रकार मांतेन्याने मांतुआच्या राजवाड्यातल्या खोलीच्या छताला गोल खिडकी रंगवली (ते काम १४७४ ला संपलं) तिथे ही पोरं कठड्यावरून खाली वाकून आपल्याकडे बघतात. तिएपोलोंच्या बाळांचे आजोबा-पणजोबा ते हे.

पंखांचं म्हणाल तर एकाच पोराकडून दोन्ही घराण्यांची कामं करून घेतलीत. व्हीनसच्या रथापाशी असेल तर तो क्युपिडचा सवंगडी, मेरीच्या पायाशी ढगात असेल तर देवदूत. बायबलमधले खरे करूब, म्हणजे देवदूतच, तर एझेकिएल या संदेष्ट्याच्या वर्णनात चार तोंडांचे, भीती वाटावी असे आहेत. हे गुबगुबीत रूप चित्रकारांचं.

आणि राफाएलची ती दोन, कोपर टेकून वर बघणारी, ग्रीटिंग कार्डावर सगळ्यांनी पाहिलेली, ती १५१२ च्या सुमाराच्या मोठ्या मॅडोनाच्या, म्हणजे मेरीच्या चित्राच्या, तळाची आहेत. ते चित्र पिआचेंझाहून १७५४ मध्ये ड्रेस्डेनला गेलं, म्हणजे आपले तिएपोलो हयात असतानाच.

बोरू_आणि_दौत:
धागा वाचनखूण म्हणून साठवला. मी मोडी कागदपत्रं वाचतो त्यामुळे माझं लक्ष पहिलं शाईकडे गेलं. कुंचलाताई, ही तपकिरी शाई नेमकी कुठली? त्या काळी युरोपात लिहायला-काढायला सर्रास चालायची ती मायफळाची शाई. हो, तेच मायफळ जे आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात. ओकच्या झाडाला एक बारीक माशी अंडी घालते, तिथे झाड गाठ धरतं, ती गाठ म्हणजे मायफळ, त्यात तुरट द्रव्य ठासून भरलेलं. ते भिजवून त्यात हिराकस (लोहाचा क्षार) घालायचं, डिंक घालायचा, झाली शाई. लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते, आणि शेदोनशे वर्षांनी तपकिरी पडते. म्हणजे आज जो ऊबदार तपकिरी रंग दिसतो तो काही वेळा काढताना तसा नव्हताच. आपली जुनी काजळाची शाई अशी बदलत नाही, कारण काजळ म्हणजे शुद्ध काजळी, ती काळीच राहते. दप्तरातले अडीचशे वर्षांचे कागद उघडले तरी अक्षर काळंभोर.

हिराकसाच्या शाईचा दुसरा दोष, ती कागद खाते. आम्ल आणि लोह दोन्ही असतं. जिथे शाईचा थर जाड तिथे कागद ठिसूळ होऊन कधीकधी रेघेच्या आकाराचं भोकच पडतं.

कुंचला:
@बोरू, अगदी नेमका मुद्दा काढलात. दोन्ही प्रकार आहेत. एक ही मायफळाची, आणि दुसरी बिस्टर, ती लाकडाच्या धुराड्यातल्या काजळीपासून करायचे, बीचच्या लाकडाची चांगली समजत. काजळी उकळून गाळून घेतली की पारदर्शक पिवळसर-तपकिरी रंग मिळतो, वॉशसाठी एकदम झक्कास. तुमच्या काजळापेक्षा वेगळी, कारण इथे कोळशाचे कण कमी आणि लाकडाचा डांबरी अंश जास्त, तोच पाण्यात उतरतो. माकुळाच्या शाईची म्हणजे सेपियाची फॅशन मात्र शतकाच्या अगदी शेवटी आली, तरी जुन्या कॅटलॉगमध्ये सगळ्याच तपकिरी चित्रांना सेपिया लिहून टाकलेलं दिसतं. हल्लीची म्युझियमं त्यामुळे जपून "तपकिरी शाई, तपकिरी वॉश" एवढंच लिहितात आणि मला ते पटतं.

माईनकाठी:
मी जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गपासून तासाभरावर राहते त्यामुळे यावर न लिहून कसं चालेल! इथल्या रेसिडेन्झ राजवाड्याच्या जिन्यावर थोरल्या तिएपोलोंचं सगळ्यात मोठं छत आहे. तिथला बिशप हाच राजा असायचा, कार्ल फिलिप फॉन ग्रायफेनक्लाऊ, त्याने यांना व्हेनिसहून बोलावलं, १७५० च्या डिसेंबरात तिएपोलो दोन मुलांना घेऊन आले, दोमेनिको तेवीसचा आणि लोरेन्झो चौदाचा. आधी मोठा दरबारी हॉल रंगवला आणि मग १७५२–५३ मध्ये जिना. सहाशेहून जास्त चौरस मीटर छत, मधे एकही खांब नाही, खाली उभं राहिलं की मान दुखेपर्यंत बघत बसावं लागतं. जिना चढाल तसं चित्र उलगडतं, आधी अमेरिका दिसते मगरीवर बसलेली, मग उंटावरची आफ्रिका, हत्तीवर आशिया, आणि शेवटी युरोप, तिथे कोपऱ्यात बाप-लेक दोघांचे चेहरे आहेत.

आता बाळांबद्दल. खालून बघताना लक्षात येतं की ती नसती तर हे छत उभंच राहिलं नसतं. देवांच्या मोठ्या आकृत्या एकमेकींपासून लांब लांब आहेत, मधे प्रचंड आकाश आहे, आणि ही पोरं त्या मोकळ्या जागेत नजर पुढे नेतात. एक इकडे बोट दाखवतं, दुसरं तिकडे उडतं, आपण आपोआप तिकडे बघतो. शिवाय अंतर कळतं. जवळच्या पोराच्या पायाची बोटं मोजता येतात आणि लांबचं नुसता गुलाबी ठिपका. कुंचला म्हणते तसं फ्रेस्कोत ओल्या गिलाव्याचा रोज तेवढाच तुकडा लावायचा आणि तो सुकायच्या आत रंगवून संपवायचा, मग हातात तयारी असल्याशिवाय कसं होणार. हिवाळ्यात तर इथे गिलावा जमतच नाही, तेव्हा ते तैलचित्रं करायचे.

१६ मार्च १९४५ ला शहर बॉम्बिंगमध्ये जळालं, राजवाड्याचं छप्परही जळालं, पण बाल्थाझार नॉयमानने बांधलेली ही दगडी कमान टिकली. नंतर पावसापासून वाचवायला जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने खटपट करून तात्पुरतं छप्पर घालून घेतलं. त्या माणसाचे उपकार आहेत सगळ्या जगावर.

सडेतोड_सोलापूर:
लेख उत्तम, पण एक विरोधी मत मांडतो. बापाचं काम बघितल्यावर दोमेनिकोचं बघवत नाही मला. तीच पोरं, तेच ढग, शेकडो वेळा. बापाच्या रेघेत वेग आहे, वॉश असा सपकन टाकलाय की ओला वाटतो अजून. मुलाची रेघ थरथरते, जिथे एक पुरे तिथे तीन मारल्यात. वारसा सांभाळला एवढंच.

कुंचला:
@सडेतोड, फरक तुम्ही बरोबर पकडलात, निष्कर्ष मला मान्य नाही. थोरल्यांचा वॉश म्हणजे ऊन आहे, मोठा, सपाट, दोन फटक्यात. दोमेनिकोची कड तुटक आणि थरथरती आहे हे खरं, पण त्यामुळे त्याचं बाळ हलतं. एकाच जागी तीन रेघा म्हणजे पाय आत्ता इथे होता आणि आता तिथे गेला. लहान मूल कधी स्थिर बसतं का?

आणि पुन्हापुन्हा काढण्याबद्दल. त्याने हे उघडपणे, ठरवून केलंय. व्युर्त्सबुर्गला असतानाच १७५३ मध्ये त्याने मेरी-जोसेफ-येशूच्या इजिप्तकडच्या पळण्यावर २७ प्लेट्सचा एचिंगचा (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रांचा) संच काढला, एकच प्रसंग, दरवेळी वेगळा. कधी पाठीमागून, कधी होडीत चढताना, कधी नुसतं गाढव आणि वाट. आपल्या गाण्यात एकच चीज तासभर मांडतात तेव्हा आपण त्याला कल्पनाशक्ती कमी म्हणत नाही. बाळांच्या कागदांवर तर कोपऱ्यात आकडे घातलेले सापडतात, म्हणजे तो मालिका म्हणूनच त्यांच्याकडे बघत होता, आणि पुष्कळांवर त्याची सही आहे, "दोम. तिएपोलो". कामचलाऊ स्केचवर कुणी सही करत नाही. बापाच्या वेळी जी छताची तयारी होती ती मुलाच्या हातात स्वतंत्र चित्र झाली. खालून बघण्याची अट गेली, गिऱ्हाईक गेलं, उरला खेळ.

जुना_वाचक:
यात काळही बघायला हवा. १२ मे १७९७ ला नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक विसर्जित झालं, हजारेक वर्षांचं राज्य. दोमेनिको तेव्हा सत्तरीचा. देवांची छतं रंगवून घेणारी घराणी संपत चालली होती. त्या सुमारास त्याने म्हातारपणी पुल्चिनेल्लाची १०४ चित्रं काढली, लांब नाकाचा, उंच टोपीचा, पोट सुटलेला नाटकातला तो विदूषक, त्याचा जन्म ते मरण सगळं, आणि मुखपृष्ठावर लिहिलं "मुलांच्या करमणुकीसाठी". तीच तपकिरी शाई, तोच वॉश. तो संच १९२० मध्ये लंडनला लिलावात निघाला आणि मग सुटा सुटा होऊन जगभर विखुरला. ज्याला बापाची नक्कल म्हणतात त्याचा हा शेवट आहे, त्यामुळे सडेतोड, जरा पुन्हा बघाच.

सडेतोड_सोलापूर:
पुल्चिनेल्ला बघितली आत्ता. ती जबरदस्त आहेत, वाद नाही. बाळांबद्दल मत कायम ठेवतो :) पण "पाय आत्ता इथे होता" हे वाक्य डोक्यात घेऊन परत बघेन.

सांतेरी:
गोव्याहून नमस्कार. ही बाळं आमच्या फार ओळखीची. जुन्या गोव्यातल्या कुठल्याही वेदीजवळ जा, लाकडात कोरलेली, सोनेरी मुलाम्याची, पंखाला नुसतं डोकं जोडलेली अशी कितीतरी दिसतात. बहुतेक इथल्याच कारागिरांनी कोरलेली, त्यामुळे चेहरे बघा नीट, डोळे मोठे, गाल आपल्याकडचे. पण बोम जेझू चर्चमध्ये एक अस्सल इटालियन कामही आहे. सेंट झेवियरची शवपेटी ज्यावर ठेवलीय तो संगमरवरी चबुतरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने केलेला, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवला, १६९८ मध्ये इथे बसवला. त्यावरही ही गुबगुबीत मंडळी आहेत. तिएपोलो तेव्हा दोन वर्षांचे!

आणि त्याही आधी, १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पंथाचे पाद्री अकबराकडे फतेपूर सिक्रीला गेले ते छापील चित्रांचं बायबल घेऊन. पुढे जहांगीरच्या काळात बिचित्र नावाच्या चित्रकाराने जहांगीरचं चित्र काढलं, वाळूच्या घड्याळावर बसलेला बादशहा सुफी शेखला पुस्तक देतोय, त्यात घड्याळापाशी आणि वर आकाशात चक्क ही युरोपियन बाळं आहेत. कुठून कुठे गेली पोरं!

बोरू_आणि_दौत:
सांतेरी, सुरेख माहिती. मला एक कळत नाही, इतके नाजूक कागद टिकले कसे? वापरून वापरून फाटले असते.

कुंचला:
वह्यांमुळे टिकले. १७६२ मध्ये (म्हणजे आपल्याकडे पानिपत होऊन एक वर्ष झालं होतं) थोरले तिएपोलो स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या बोलावण्यावरून माद्रिदला निघाले, दोमेनिको आणि लोरेन्झोला घेऊन. त्यांचा एक मुलगा जुझेप्पे सोमास्की पंथाचा पाद्री होता, चित्रांचा मोठा साठा त्याच्या मठाकडे राहिला असं सांगतात. थोरले परत आलेच नाहीत, १७७० मध्ये माद्रिदलाच गेले. पुढे वह्या हातोहात फिरल्या, शिल्पकार कानोव्हाच्या हातीही काही काळ होत्या, मग एडवर्ड चेनी नावाच्या इंग्रज संग्राहकाकडे गेल्या, आणि १८८५ मध्ये लंडनला लिलाव झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आज तिएपोलोंची तीनशेच्या वर चित्रं आहेत ती त्याच वर्षीची खरेदी. बाकीच्या काही वह्या फोडून पानं सुटी विकली गेली. बंद वहीत उजेड लागत नाही, म्हणून शाई आणि वॉश इतका ताजा राहिला. आता म्युझियममध्येही साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) मंद उजेडात काही महिने लावतात आणि मग लांब मुदतीसाठी अंधारात परत.

जलरंगी:
मी रविवारी बसून एक बाळ कॉपी करायला घेतलं. वॉश टाकला की कागदात झिरपून पसरतोय, त्यांच्यासारखी स्वच्छ कड येत नाहीये. ब्रश चांगला आहे. काय चुकत असेल?

कुंचला:
कागद. तेव्हाचा इटालियन कागद चिंध्यांच्या लगद्याचा आणि वरून जिलेटिनमध्ये बुडवून काढलेला असायचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस. त्यामुळे वॉश आत न शिरता वरच्या वर थोडा वेळ तरंगतो आणि सुकताना कडेला जरा गडद किनार सोडतो. तीच किनार बाळाचं पोट गोल करते. तुम्ही साधा हातकागद घेतला असेल तर तो शोषून घेणारच. दुकानात विचारताना जिलेटिन साइझिंगचा, सुती, गुळगुळीत कागद मागा. आणि मोठा ब्रश वापरा, टोक बारीक पण पोट भरलेलं, म्हणजे एका दमात सगळा वॉश टाकता येतो. मधे थांबलात की तिथे डाग पडतो.

आधी रेघा पूर्ण सुकू द्या. आणि पहिला वॉश बाळावर टाकू नका, ढगावर टाका.

जलरंगी:
ढगावरून सुरुवात, हे डोक्यातच आलं नव्हतं! करून बघते. खालच्या खडूच्या रेघांचं काय, त्या फोटोत मला कुठेच दिसत नाहीत.

कुंचला:
साध्या फोटोत पुष्कळदा शाईखाली दबतात. म्युझियमवाले इन्फ्रारेड फोटो काढतात, त्यात मायफळाची शाई जवळजवळ नाहीशी होते आणि काळा खडू मात्र तसाच राहतो, कारण त्यात कार्बन आहे, बोरूंच्या काजळासारखाच. मग कळतं की पाय आधी कुठे ठरवला होता आणि टाक हातात घेतल्यावर कुठे नेला. त्यांनी स्वतःच्याच खुणा किती सहज ओलांडल्यात ते बघण्यासारखं असतं. तुम्हीही खडू अगदी हलका ठेवा आणि शाईने त्याच्यावरून गिरवत बसू नका. कॉपी झाली की इथे फोटो टाका, सडेतोडनाही दाखवू.